स्क्रू पिवळा आहे की निळा? : मटेरिअल कंप्लायन्समध्ये येणाऱ्यांसाठी

इलेक्ट्रॉनिक वस्तूंत कमी घातक रसायनं यावीत म्हणून पगार देणारी नोकरी असते, हे बऱ्याच मुलांना माहीत नसतं. 'ग्रीन केमिस्ट्री' असा शोध घेतलात तर फारसं हाती लागणार नाही. जाहिरातीत 'मटेरिअल कंप्लायन्स' किंवा 'प्रॉडक्ट स्टुअर्डशिप' असं लिहिलेलं असतं. मी पुण्यात हेच काम करते.

सुरुवात कायद्याच्या पुस्तकापासून करू नका. बरेच दिवस प्लगमधून काढून ठेवलेला एखादा मेलेला चार्जर उघडा. वायरीतलं तांबं, त्यावरचं पीव्हीसी, पिनेवरचा मुलामा, सोल्डरचा ठिपका. विजेच्या आणि इलेक्ट्रॉनिक वस्तूंतल्या घातक पदार्थांवर बंधन घालणारा युरोपचा रोह्स (RoHS) कायदा अशा प्रत्येक एकजिनसी मटेरिअलला स्वतंत्र मर्यादा लावतो : शिशाला 0.1 टक्का, कॅडमियमला 0.01. अख्ख्या चार्जरच्या वजनात भागून सुटका नाही. जुनं 63/37 सोल्डर म्हणजे 37 टक्के शिसं, तेव्हा एक ठिपकासुद्धा नापास. हा कायदा 2006 मध्ये लागू होण्याआधीच, 2001 मध्ये, नेदरलंड्सने केबलमधल्या कॅडमियमपायी सोनीचे सुमारे 13 लाख प्लेस्टेशन वन अडवले होते. आमच्या क्षेत्रात ही गोष्ट अजून सांगितली जाते.

शिसं काढलं की काम संपत नाही, तिथून वाढतं. जुनं सोल्डर 183 अंशांना वितळायचं. त्याच्या जागी आलेलं कथिल-चांदी-तांब्याचं साधारण 217 ते 220 ला. म्हणजे बोर्ड, कनेक्टरचं प्लास्टिक, कपॅसिटर, सगळ्यांनी जास्त उष्णता सोसायला हवी. शिवाय नुसत्या कथिलाच्या मुलाम्यावर बारीक केसांसारखे तंतू उगवून शॉर्ट होऊ शकतो. म्हणून डिझाइनवाल्यांच्या मीटिंगला आगंतुकासारखे का होईना, पण सुरुवातीपासून बसा. ड्रॉइंग रिलीज झाल्यावर तुमचं कुणी ऐकत नाही.

एक्सआरएफची बंदूक, म्हणजे क्ष-किरण टाकून वस्तूत काय आहे ते सांगणारं हातातलं यंत्र, मिळाली की नवख्यांना सगळं समजल्यासारखं वाटतं. ती मूलद्रव्य सांगते, संयुग नाही. ब्रोमीन दिसलं, पण ते बंदी असलेल्या ज्वालारोधकाचं की बोर्डच्या इपॉक्सीत रासायनिकरीत्या बांधलेल्या टीबीबीपीए या बंदी नसलेल्या ज्वालारोधकाचं, हे तिला कळत नाही. पीव्हीसी मऊ करणारे चार फ्थॅलेट 2019 पासून रोह्समध्ये आले. ते तर तिला दिसतच नाहीत, त्यासाठी लॅबमध्ये सॅम्पल पाठवावं लागतं.

दिवसातला मोठा वेळ मात्र सप्लायरशी बोलण्यात जातो. भोसरीतल्या छोट्या युनिटला 'हेक्साव्हॅलंट क्रोमियम' (रोह्सने मर्यादा घातलेलं क्रोमियमचं घातक रूप) आहे का, असं विचारलंत तर "ताई, आमचं सगळं रोह्स ओके आहे" असंच उत्तर येणार. त्याऐवजी विचारा, "स्क्रूचं प्लेटिंग पिवळं की निळं?" पिवळं म्हटल्यावर माझे कान टवकारतात, कारण झिंकवरचं पारंपरिक पिवळं पॅसिव्हेशन, म्हणजे गंज रोखणारा पातळ थर, त्याच क्रोमियमचं असतं. आता ट्रायव्हॅलंट, म्हणजे रोह्सची मर्यादा नसलेल्या क्रोमियममध्येही पिवळं मिळतं, तेव्हा नुसत्या रंगावर निकाल देऊ नका, केमिकलची डेटाशीट मागा. आणि 'रोह्स ओके' कुठल्या देशाचं, तेही विचारा. आपल्याकडचे 2022 चे ई-कचरा नियम सहाच पदार्थ धरतात, त्यांत फ्थॅलेट नाहीत. भारतात चालणारी केबल युरोपात नापास होते आणि सप्लायर खोटं बोललेला नसतो.

मला स्वतःला बंदीच्या यादीपेक्षा, काढलेल्या पदार्थाच्या जागी येणाऱ्या पर्यायाची जास्त धास्ती वाटते. चीनमधल्या सुझोऊ इथे, ॲपलसाठी टचस्क्रीन बनवणाऱ्या विनटेकच्या कारखान्यात, स्क्रीन पुसायला अल्कोहोलऐवजी एन-हेक्झेन हे द्रावक आणलं गेलं. ते लवकर उडून जातं, काम पटापट होतं. त्या वाफेने कामगारांच्या नसा अधू झाल्या. ॲपलच्या 2011 च्या अहवालात 137 जणांना बाधा झाल्याची नोंद आहे. तयार फोनमध्ये त्या हेक्झेनचा मागमूस नसतो, म्हणजे रोह्सचा रिपोर्ट स्वच्छच येणार. 'अमुक-मुक्त' असं लेबल दिसलं की त्या जागी काय घातलं आणि ते लाइनवर कोण हाताळतं, हे मी आधी विचारते. नव्या पदार्थाची घातकता तपासायला ग्रीनस्क्रीनसारखी पद्धत आहे; ती शिकलेली माणसं आपल्याकडे कमी आहेत, त्यामुळे शिकून घेतलीत तर वट राहील.

मुलाखतीत एक्झेम्प्शनवर, म्हणजे रोह्सच्या मर्यादेतून मिळणाऱ्या सवलतीवर, हमखास प्रश्न येतो. पितळेच्या पिनेत 4 टक्क्यांपर्यंत शिसं चालतं, हे पाठ असतंच. पण एक्झेम्प्शनला मुदत असते, आणि समोरचा नेमकी तीच विचारतो. आदल्या रात्री ताजी स्थिती बघून जा.