मातीचा सीओटू मोजणार असाल तर मृगाच्या आधी रिंगा ठोका

एमएस्सीला हा टॉपिक घेतला तेव्हा आई म्हणाली, माती काय धूर सोडते का रे? धूर नाही, पण मुळं श्वास घेतात, बॅक्टेरिया-बुरशी पालापाचोळा कुजवतात, त्याचा सीओटू वर येतो, आणि जगभरात तो कोळसा-पेट्रोल जाळून निघतो त्याच्या कितीतरी पट असतो. झाडं परत ओढून घेतात ती गोष्ट वेगळी.

माझी साइट पाल गावाजवळ सातपुड्यात, साग, सालई, अंजन असं पानगळीचं जंगल. गॅस ॲनालायझर लाखांत जातो, आमच्याकडे नव्हता, मग कॉस्टिक सोड्याची जुनी पद्धत: पीव्हीसी पाइपच्या रिंगा जमिनीत ठोकायच्या, आत सोड्याच्या द्रावणाची वाटी, ती सीओटू पिते, वरून बादली पालथी घालायची, चोवीस तासांनी बेरियम क्लोराइड टाकून ॲसिडने टायट्रेशन, म्हणजे गुलाबी रंग उडेपर्यंत थेंबथेंब ॲसिड टाकून उरलेला सोडा मोजायचा. ॲसिड एक नॉर्मल (तीव्रतेचं माप) असेल तर ब्लँकपेक्षा एक एमएल कमी ॲसिड लागलं म्हणजे २२ मिलिग्रॅम सीओटू. ब्लँक म्हणजे बूड बंद असलेल्या डब्यातली वाटी, ती रोज लावा, कारण सोडा हवेतलाही सीओटू पितो. मी बाटली उघडी ठेवून डबा खायला बसलो होतो, भाकरी आणि ठेचा, अख्खा दिवस वाया.

पण खरी चूक वेगळीच झाली. रिंग ठोकली की मुळं तुटतात, माती हलते, काही दिवस आकडा खोटा येतो, म्हणून आधीच ठोकून ठेवायच्या असतात. माझ्या रिंगा जूनमध्ये खोलीवर पोत्यात पडलेल्या आणि तिकडे पहिला पाऊस पडून गेला! मे महिन्यात ४३-४४ डिग्रीत माती एवढी कोरडी की फरक जेमतेम दोन एमएल यायचा, आणि पहिल्या पाण्यासरशी सीओटूचा एकदम लोंढा येतो, याला बर्च इफेक्ट म्हणतात, बर्च नावाच्या शास्त्रज्ञाने हे १९५८ लाच लिहून ठेवलंय, मी ते ऑगस्टमध्ये वाचलं. आता पीएचडीत रिंगा मेच्या शेवटी ठोकतो. यंदा पहिल्या पावसानंतर गुलाबी रंग ब्लँकपेक्षा अकरा एमएल आधीच उडाला, मला वाटलं ॲसिडच चुकीचं बनवलं, परत केलं तरी तेच. अर्ध्याहून जास्त सोडा संपत असेल तर वाटीत जास्त घ्या, नाहीतर आकडा कमी दिसतो.

आणि बादलीवर दगड ठेवा बरं का. माझ्या दोन बादल्या गुरांनी उलटवल्या, तिसरी एका आजीने घरी नेली, मागायला गेलो तर आधी चहा पाजला आणि मग म्हणाली, जंगलात कोण बादली टाकून जातं भाऊ?