गांधींचं दहा रुपयांचं चांदीचं नाणं: या चुका टाळा

चवथीच्या आधी दोन दिवस आमच्या घरी भांडी काढायचा कार्यक्रम असतो. समया, तबकं, तांब्याच्या कळशा सगळं मागल्या दारी मांडायचं आणि भिंडाची (कोकमाची) सोलं नि राख लावून घासायचं. काही वर्षांपूर्वी त्या ढिगात मी लक्ष्मीपूजनाच्या डब्यातलं गांधींचं नाणंही टाकलं. काळपट दिसत होतं, म्हटलं होऊन जाऊ दे. पाच मिनिटांत असं चकाकलं की आई खूश, मीही खूश. पुढच्या आठवड्यात ते घेऊन मडगावच्या एका जुन्या संग्राहकाकडे गेलो. आम्ही त्यांना भाई म्हणतो. भाईंनी नाणं कडेने धरलं, दिव्याखाली जरा तिरकं केलं आणि एवढंच विचारलं, "घासलंस मरे?"

तिरक्या उजेडात मलाही दिसलं. गांधींच्या गालावर आणि मागच्या मोकळ्या जागेत केसासारखे बारीक ओरखडे, सगळे एकाच दिशेने. राखेचे कण चांदीपुढे कमी कठीण नसतात. काळेपणा म्हणजे चांदीवर हवेतल्या गंधकाने धरलेला पातळ थर. तो गेला, पण जाताना नाण्याची मूळ कातडीही घेऊन गेला. संग्राहक त्या कातडीचे पैसे देतात.

तेव्हा पहिली आणि सगळ्यात महाग चूक हीच: घासणं. पितांबरी, चिंच, टूथपेस्ट, सोडा, काहीच नको. हळद-कुंकू लागलं असेल तर डिस्टिल्ड वॉटरमध्ये बुडवून ठेवा, मग सुती फडक्याने नुसतं टिपा, पुसू नका. मऊ प्लॅस्टिकच्या पाकिटात वर्षानुवर्षं राहिलेल्या नाण्यावर हिरवट चिकट थर येतो. तो पाकिटातल्या पीव्हीसीचा असतो आणि पाण्याने जात नाही. त्याला शुद्ध ॲसिटोन लागतं, काचेच्या वाटीत, खिडकी उघडी ठेवून, जवळ विस्तव नसताना. नेलपॉलिश रिमूव्हर चालत नाही, त्यात तेल आणि सुगंध मिसळलेला असतो.

काळेपणाबद्दल संग्राहकांत दोन तट आहेत आणि ते एकमेकांना बधत नाहीत. एकांना नाणं टांकसाळीतून आल्यासारखं पांढरं हवं. दुसऱ्यांना कडेने निळसर, मधे सोनेरी अशी छटा धरलेलं नाणं जास्त आवडतं, आणि त्याला ते चार पैसे जास्तही मोजतात. मी दुसऱ्या तटात आहे. अर्थात स्वतःचं घासून झाल्यावर तिकडे गेलो, हे भाई अजून ऐकवतात.

१९४८चं नाणं?

हे नाणं दाखवणाऱ्या दहांतले निम्मे तरी सांगतात, "१९४८चं आहे, गांधीजी गेले त्या वर्षीचं." नाण्यावर १८६९-१९४८ असं छापलेलं आहे, ती गांधींच्या जन्माची आणि मृत्यूची वर्षं. नाणं पाडलं ते जन्मशताब्दीला, १९६९ साली, आणि तो आकडा त्यावर कुठेच नाही. आपला गोवा तेव्हा भारतात येऊन आठ वर्षंही पुरी झाली नव्हती.

त्याच मालिकेत आणखी तीन नाणी होती: २० पैसे, ५० पैसे आणि १ रुपया. चौघांवरही गांधीच. इथे दुसरा घोळ होतो. २० पैशांचं नाणं पिवळं असतं, लोक ते सोन्याचं समजून जपतात. ते ॲल्युमिनियम-ब्राँझचं आहे. ५० पैसे आणि १ रुपया निकेलचे, त्यामुळे लोहचुंबकाला टपकन चिकटतात. चांदीचं फक्त दहा रुपयांचं. १९६४चा नेहरूंचा रुपयाही निकेलचाच, तरी म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात तो चांदीचा म्हणून मला एकाने देऊ केला होता. खिशात चुंबक होता म्हणून वाचलो.

पण चुंबकावरही फार विसंबू नका. चिकटलं तर चांदी नाही हे नक्की, पण चिकटलं नाही म्हणून चांदी, असं होत नाही. तांबं-निकेलचं मिश्रणही चिकटत नाही.

खरी परीक्षा पाण्याची. दहा रुपयांच्या नाण्याचं वजन १५ ग्रॅम, व्यास ३४ मिलिमीटर. ग्रॅमचा शंभरावा भाग (०.०१) दाखवणारा छोटा काटा घ्या. स्वयंपाकघरातला एक-एक ग्रॅम दाखवणारा नको. त्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्य करा. नाणं दोऱ्याने बांधून पाण्यात पूर्ण बुडवा, पण तळाला किंवा काठाला लागू देऊ नका. ८० टक्के चांदीचं असेल तर काटा साधारण १.४८ दाखवतो. तांबं-निकेलचं तेवढ्याच वजनाचं नाणं १.६८च्या आसपास जातं. बुडबुडे चिकटले तर आकडा फुगतो, म्हणून नाणं हलकेच हलवून घ्या.

गोव्यातल्या घरांत आणखी एक सापळा आहे, पोर्तुगीज रुपियांचा. १९३५ची रुपिया ९१.७ टक्के चांदीची, १९४७ची ५० टक्क्यांची आणि १९५२चीत चांदी मुळीच नाही. तिघींचं वजन मात्र सारखंच, १२ ग्रॅम. काट्यावर ठेवून काहीच कळत नाही, आधी वर्ष वाचावं लागतं.

किंमत

शेटाकडे, म्हणजे सोनाराकडे, गेलात तर तो काट्यावर १५ ग्रॅम पाहील, आणि तुम्ही मनात १५ ग्रॅम चांदीचा हिशेब कराल. नाण्यात शुद्ध चांदी १२ ग्रॅम आहे, बाकी मिश्रण. त्या दिवसाचा भाव गुणिले १२, ही तुमची खालची रेघ. त्याच्या वर किती, ते नाणं किती शाबूत आहे यावर ठरतं. ही नाणी लाखोंनी पाडली गेली, मुंबईत आणि कलकत्त्यात. मुंबईच्या नाण्यावर बारीक हिऱ्याची खूण असते, कलकत्त्याच्या नाण्यावर काहीच नसतं. म्हणून "दुर्मिळ" या शब्दावर मी तरी हसतो. नाणं देखणं आहे, आपल्याकडच्या स्मारक नाण्यांत चेहरा इतका साधा आणि नीट क्वचितच उतरलाय, पण दुर्मिळ नाही.

वितळवायचा विचार डोक्यातून काढा. २०११च्या नाणे कायद्याने सरकारी नाणं वितळवणं गुन्हा आहे.

आणि फोनवर कोणी "तुमच्या नाण्याचे तीन लाख देतो, आधी कमिशन भरा" म्हणाला तर फोन ठेवा. रिझर्व्ह बँकेने २०२१ साली स्पष्ट सांगितलं होतं की जुनी नाणी-नोटांच्या असल्या व्यवहारांशी तिचा काही संबंध नाही आणि ती कसलंही कमिशन मागत नाही. तरी दर चतुर्थीला कोणीतरी ओळखीचा फसतोच.

नवी स्मारक नाणी घेताना उलट चूक होते. २०१८च्या वाजपेयींच्या १०० रुपयांच्या नाण्यासारखी ३५ ग्रॅमची नाणी लोक शुद्ध चांदीची समजून घेतात. त्यांत चांदी निम्मीच, ५० टक्के. बाकी तांबं, निकेल आणि जस्त. सराफाकडचं शिवाजी महाराजांचं किंवा आणखी कोणाचं "चांदीचं नाणं" तर नाणं नव्हेच, ते पदक. अशोकस्तंभ आणि रुपयांतली किंमत छापलेली नसेल तर सरकारी नाणं नाही.

लिस्बनला नातेवाईक असणाऱ्यांसाठी एक आडवी सूचना: शंभर वर्षांहून जुनं नाणं आपल्या कायद्यात पुराणवस्तू ठरतं, ते भेट म्हणूनही बॅगेत घालून देशाबाहेर नेता येत नाही. गांधींचं नाणं अजून तेवढं म्हातारं झालेलं नाही, पण त्याच डब्यातली राणीछाप रुपये आणि १८८१ची रुपिया झालेली आहेत.

ठेवायचं कुठे

आपल्याकडचा पाऊस आणि लाकडी कपाट, दोन्ही चांदीला वाईट. वर्तमानपत्रात गुंडाळू नका, रबरबँड लावू नका, त्यात गंधक असतं. पीव्हीसी नसलेली कडक प्लॅस्टिकची डबी, सोबत सिलिका जेलची पुडी, आणि ती पुडी जूनमध्ये एकदा बदलायची.

घासून झालेल्या नाण्यावर काही उपाय नाही. काळपटपणा हळूहळू परत येतो, ओरखडे मात्र जात नाहीत, आणि ते लपवायला लावलेलं कसलंही औषध भाईंसारख्यांना लांबून कळतं. माझं नाणं परत लक्ष्मीच्या डब्यात गेलं. दिवाळीला ते डबीतूनच पाटावर बसतं, आणि हळद-कुंकू आई शेजारच्या सुपारीला वाहते.