दोन-चार फोनवर एकच एआर सीन (कॅमेऱ्यातून खऱ्या जागेत दिसणाऱ्या आभासी वस्तू) कसा दाखवायचा

सगळ्यात आधी हे ठरवा की कोणाकडे कुठला फोन आहे, कारण सगळे आयफोनवाले असतील तर एआरकिटचं, म्हणजे ॲपलच्या एआर ॲप बनवायच्या साधनाचं, कोलॅबोरेटिव्ह सेशन (२०१९ पासून आहे) पुरतं, पण अँड्रॉइड आणि आयफोन एकत्र असतील तर एआरकोअरचे (गुगलचं तसलंच साधन) क्लाउड अँकर, म्हणजे वस्तूची जागा पक्की करणाऱ्या ऑनलाइन साठवलेल्या खुणा, घ्या, ते दोन्हीकडे चालतात.

आता खरी मेहनत स्कॅनिंगची. एकाने अँकर ठेवायचा, आणि होस्ट करायच्या (सर्व्हरवर चढवायच्या) आधी निदान ३० सेकंद तरी त्याच्याभोवती हळूहळू फिरत कॅमेरा वेगवेगळ्या बाजूंनी दाखवायचा, नुसतं एका जागी उभं राहून फोन हलवू नका. कोरी पांढरी भिंत, काच, चकचकीत टेबल असलं काही निवडलंत तर डोक्याला ताप होणार, कारण फोनला ओळखायला खुणाच मिळत नाहीत. उजेडही हवा.

होस्ट झालं की आयडी मिळतो, तो बाकीच्यांना पाठवा, त्यांनी साधारण त्याच बाजूने कॅमेरा धरला की वस्तू जागेवर दिसते. एपीआय की (गुगलची सेवा वापरायला ॲपमध्ये टाकायचा कोड) वापरत असाल तर अँकर एक दिवसच टिकतो, ३६५ दिवस हवा असेल तर कीलेस ऑथ (अशी की न वापरता ॲपची ओळख पटवणं) लागतं.

आणि हो, कोणी काय हलवलं ते अँकर सांगत नाही बरं का, त्यासाठी फायरबेससारखं (फोनांमध्ये डेटा जुळवून ठेवणारी गुगलची सेवा) काहीतरी वेगळं जोडावंच लागतं.