मराठी सर्चमध्ये ‘ऱ्य’ सापडत नाही तेव्हा

‘दुसऱ्या’ हा शब्द डेटाबेसमध्ये आहे, पानावर दिसतोय, तरी सर्च रिकामा येतो. कारण तो दोन प्रकारे टाइप होतो. एकात ऱ (यू+०९३१, हा त्याचा युनिकोड क्रमांक) आणि हलन्त, म्हणजे पाय मोडायची खूण (यू+०९४डी). दुसऱ्यात साधा र (यू+०९३०), हलन्त आणि न दिसणारा झिरो विड्थ जॉइनर (यू+२००डी). डोळ्यांना दोन्ही सारखेच. जावास्क्रिप्टमध्ये लेंग्थ मात्र ७ आणि ८ येते, मजकूर साठवायच्या यूटीएफ-८ पद्धतीत २१ आणि २४ बाइट. कुठला प्रकार आलाय ते ब्राउझरच्या कन्सोलमध्ये लेंग्थ बघून लगेच कळतं.

सगळे जॉइनर सरसकट काढणं हा उपाय नव्हे. जॉइनरवाल्या ‘आचार्‍याला’मधून तो काढला की ‘आचार्याला’ उरतं, म्हणजे स्वयंपाकी जाऊन गुरुजी येतात. ट्रिमने तर तो निघतच नाही, कारण ट्रिम फक्त मोकळ्या जागा कापतं.

त्यापेक्षा एक छोटं फंक्शन लिहा आणि त्यात क्रम पाळा. आधी नॉर्मलाइझ, एनएफसी प्रकाराने, म्हणजे सुटी चिन्हं जोडून एकसारखी करायच्या युनिकोडच्या पद्धतीने. र आणि नुक्ता, म्हणजे अक्षराखालचा टिंब (यू+०९३सी), असे सुटे आले असतील तर त्यांचा एकच ऱ होतो. मग र, हलन्त, जॉइनर हे त्रिकूट शोधून त्याजागी ऱ आणि हलन्त घाला. हे काम एनएफसी करत नाही, तुम्हालाच करावं लागतं. रिप्लेसला साधी स्ट्रिंग दिलीत तर फक्त पहिलं त्रिकूट बदलतं, म्हणून रिप्लेसऑल वापरा किंवा रेगेक्सला (शोधायच्या नमुन्याला) ‘सगळीकडे बदल’ सांगणारा जी फ्लॅग लावा. उरलेले जॉइनर आणि नॉन-जॉइनर (यू+२००सी, अक्षरं जोडू न देणारी अदृश्य खूण) अगदी शेवटी काढा. हा क्रम उलटला तर वरचा आचाऱ्याचा घोळ परत होतो.

फंक्शनचा निकाल सर्चसाठीच्या वेगळ्या कॉलममध्ये ठेवा. लोकांनी लिहिलेला मूळ मजकूर बदलू नये, असं माझं ठाम मत आहे: अर्धं अक्षर मुद्दाम सुटं दाखवायला जॉइनर लागतो, आणि कुटुंबाचे इमोजीही त्यावरच जोडलेले असतात. सर्चच्या खोक्यात आलेला शब्द त्याच फंक्शनमधून गेला पाहिजे. नेमकं हेच राहून जातं, आणि मग पोस्टग्रेससारख्या डेटाबेसमध्ये नेहमीची बरोबरीची तुलना बाइट न बाइट होत असल्याने काही जुळत नाही.

सापडलेला शब्द मूळ मजकुरात ठळक करताना जपून. साफ केलेल्या मजकुरातली जागा मूळ मजकुराला लागू पडत नाही; आधी आलेल्या प्रत्येक जॉइनरगणिक ती एका अक्षराने सरकते आणि ठळक भाग शब्दाच्या आधीच सुरू होतो. साफ करतानाच प्रत्येक अक्षराची मूळ जागा एका अ‍ॅरेत (यादीत) नोंदवून ठेवा.

चाचणीला दुसऱ्या, वाऱ्यावर, तऱ्हा, गोऱ्हे हे शब्द दोन्ही प्रकारे टाइप करून घ्या. ‘आचार्य’ही घ्या, तो जसाच्या तसा राहिला पाहिजे.