गाडीच्या सायलेन्सरमधून सडक्या अंड्यासारखा वास येतोय? कारण असं शोधा

पुण्याहून साताऱ्याला जाताना खंबाटकी घाट ओलांडून आम्ही सुरूरपाशी चहाला थांबलो. गाडीचं दार उघडलं आणि अंडं सडल्यासारखा वास आला. आधी वाटलं डब्यातलं काही खराब झालं असेल, म्हणून सगळे डबे उघडून पाहिले. वास येत होता तो गाडीच्या मागून, सायलेन्सरमधून. पुढच्या आठवड्यात एका गॅरेजमध्ये उत्तर मिळालं, "कन्व्हर्टर गेलाय, बदलावा लागेल." कन्व्हर्टर म्हणजे सायलेन्सरच्या आधी धूर शुद्ध करणारा डबा; तो गेलेला नव्हता. खरा बिघाड इंजिनाच्या पुढच्या बाजूला होता आणि कन्व्हर्टरच्या किमतीच्या मानाने अगदी किरकोळ होता. असा अनुभव अनेकांना येतो, म्हणून कारण शोधायचा क्रम इथे सविस्तर लिहितो. हे मुख्यतः पेट्रोल आणि सीएनजी गाड्यांबद्दल आहे.

वास येतो कसा

पेट्रोलमध्ये थोडं गंधक असतं. ते जळून सल्फर डायऑक्साइड होतो. त्याचा वास नुकत्याच ओढलेल्या काडेपेटीच्या काडीसारखा, सडक्या अंड्यासारखा नाही. पुढे हा वायू कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जातो. तिथे मधाच्या पोळ्यासारखी बारीक जाळी असते आणि तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम या धातूंचा मुलामा असतो. धुरात पुरेसा ऑक्सिजन असेल तर गंधक त्या मुलाम्याला चिकटून साठत राहतं. मग कन्व्हर्टर चांगला तापलेला असताना हवेपेक्षा पेट्रोल जास्त आलं, म्हणजे गाडी 'रिच' चालली, की साठलेलं गंधक हायड्रोजनशी जोडलं जातं आणि हायड्रोजन सल्फाइड होऊन बाहेर पडतं. तोच हा वास.

म्हणजे वास कन्व्हर्टरमध्ये तयार होतो, पण बहुतेक वेळा त्याचं कारण कन्व्हर्टरच्या आधी, जास्त पेट्रोल सोडणाऱ्या एखाद्या भागात असतं. हे लक्षात न घेता नवा कन्व्हर्टर बसवला तर जास्तीचं पेट्रोल त्यालाही खराब करतं.

पेट्रोलला दोष देण्याआधी एक हिशेब पाहा. बीएस-३ (भारत स्टेज, प्रदूषणाचं सरकारी मानक) पेट्रोलमध्ये गंधकाची मर्यादा १५० पीपीएम (दहा लाखांत १५० भाग) होती, बीएस-४ मध्ये ५०, आणि १ एप्रिल २०२० पासून देशभर आलेल्या बीएस-६ मध्ये १० पीपीएम. म्हणजे किलोभर पेट्रोलमध्ये जास्तीत जास्त १० मिलिग्रॅम गंधक. नाक या वायूला फार तिखट असल्याने अधूनमधून एखादी झुळूक येऊ शकते. दाबून ओव्हरटेक केल्यावर क्षणभर वास आला आणि गेला, तर काळजी नको. नव्या गाडीत पहिल्या काही हजार किलोमीटरमध्येही तो जाणवतो. रोज येत असेल तर मात्र शोध घ्यायला हवा.

सर्वांत आधी: धोका तर नाही ना?

दोन शक्यता लगेच तपासा, कारण त्यांत वेळ घालवणं अंगाशी येतं.

पहिली शक्यता सीएनजी गळतीची. सीएनजीला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात गंधकयुक्त, उग्र वासाचं रसायन मिसळतात. गाडी बंद उभी असताना, डिकी उघडल्यावर किंवा सकाळी दार उघडताना वास येत असेल, तर सायलेन्सरचा विचार सोडा. दारं-डिकी उघडा, किल्ली फिरवू नका, दिवा किंवा पंखा लावू नका, काडी-सिगारेट दूर ठेवा. शक्य असेल तर सिलिंडरचा वॉल्व्ह हाताने बंद करा आणि सीएनजीचं काम जाणणाऱ्या माणसाला बोलवा. जोडांवर साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघायची पद्धत बरोबर आहे, पण सुमारे २०० बारचा दाब असलेल्या नळ्यांवर घरी पाना लावू नका. त्याच वेळी सिलिंडरची दर तीन वर्षांनी करायची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी) झाली आहे का, तेही बघून घ्या.

दुसरी शक्यता बॅटरीची. घरातल्या इन्व्हर्टरची जुनी बॅटरी उकळायला लागली की जो वास येतो, तोच हा. अल्टरनेटरचा (बॅटरी चार्ज करणाऱ्या जनित्राचा) व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर बिघडला की बॅटरी गरजेपेक्षा जास्त चार्ज होते, ॲसिड तापतं आणि हायड्रोजनबरोबर हायड्रोजन सल्फाइडही निघतं. बोनेटपाशी वास तीव्र असेल, बॅटरीच्या बाजू फुगलेल्या दिसत असतील किंवा ती हाताला चटका देण्याइतकी तापली असेल, तर इंजिन बंद करा, ठिणगी टाळा आणि बॅटरी गार होईपर्यंत तिच्या वायरींना हात लावू नका. अशा बॅटरीला दुसऱ्या गाडीवरून जंप स्टार्ट तर अजिबात देऊ नका.

तसं काही दिसत नसेल तर मल्टिमीटर लावा. इंजिन बंद असताना १२.४ ते १२.७ व्होल्ट ठीक. चालू असताना साधारण १३.५ ते १४.७. सतत १५ च्या वर जात असेल तर चोर सापडला. रेग्युलेटर दुरुस्त होईपर्यंत गाडी चालवू नका.

या दोन्ही गोष्टी करताना आणि पुढची तपासणी करतानाही गाडी मोकळ्यावर असू द्या. बंद गॅरेजमध्ये किंवा तळघरातल्या पार्किंगमध्ये इंजिन चालू ठेवून नळीपाशी वास घेऊ नका. तिथून कार्बन मोनॉक्साइडही येतो आणि त्याला वास नसतो.

वास गाडीचाच आहे ना, आणि नेमका कधी येतो?

नाल्याच्या पुलावर किंवा गटाराशेजारच्या सिग्नलला येणारा वासही याच वायूचा असतो. पुढच्या गाडीचा धूरही एसीतून आत येतो. एसीचं रिसर्क्युलेशन लावून वास कमी होतो का ते पाहा आणि वेगवेगळ्या रस्त्यांवर खात्री करा.

मग आठवडाभर नोंद ठेवा. मोबाइलवर चार शब्द पुरतात: थंड इंजिन की गरम, घाट की सिग्नल, पेट्रोलवर की सीएनजीवर, पेट्रोल कधी भरलं. चढावर किंवा जोर लावल्यावरच येत असेल तर रिच मिश्रणाचा संशय. सिग्नलला उभं राहिल्यावर येत असेल तर पर्ज वॉल्व्ह (टाकीतली पेट्रोलची वाफ इंजिनात सोडणारा) किंवा गळका इंजेक्टर (पेट्रोल फवारणारा भाग). सीएनजीवरून पेट्रोलवर टाकताच थांबत असेल तर किटचं ट्युनिंग बिघडलेलं. गिअरबॉक्सचं काम झाल्यावर सुरू झाला असेल तर तेल गरम सायलेन्सरवर गळतंय का ते खाली वाकून पाहा; काही गिअर ऑइलमध्ये गंधकाची रसायनं असतात आणि जळल्यावर तसाच वास येतो.

टाकी अर्ध्याखाली आली की एकदा नेहमीचा पेट्रोल पंप सोडून दुसऱ्या पंपावर भरा, पुढच्या वेळीही तिथेच भरा. दोन टाक्यांत वास गेला तर विषय मिटला. न गेल्यास पेट्रोलचा नाद सोडा.

पीयूसीची पावती वाचा

पेट्रोल गाडीच्या पीयूसीत कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बनचे आकडे असतात. बीएस-४ गाड्यांसाठी आयडलला (ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन चालू असताना) कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ०.३ टक्के आणि हायड्रोकार्बनची २०० पीपीएम आहे. मागच्या दोन पावत्या काढून आकडे चढत गेलेत का ते पाहा. पावतीवर लॅम्डा (हवा-पेट्रोलच्या प्रमाणाचा आकडा) छापला असेल तर १ च्या आसपास हवा. १ पेक्षा बराच कमी म्हणजे गाडी रिच. मात्र तपासणी खरोखर नळी घालून झालेली हवी. मनापासून सांगतो, चार पैसे वाचवायला पावती घरबसल्या आणू नका. निदानासाठी याहून स्वस्त साधन नाही.

स्कॅनर लावा

२०१३ नंतरच्या पेट्रोल गाड्यांत चालकाच्या गुडघ्यांच्या वर, डॅशबोर्डखाली १६ पिनांचं ओबीडी सॉकेट (गाडीच्या संगणकाला जोडायची जागा) असतं. त्यात बसणारा ब्लूटूथचा छोटा स्कॅनर हजार-दीड हजारात मिळतो आणि मोबाइलवर आकडे दाखवतो. चेक इंजिनचा दिवा लागलेला नसला तरी लावा.

आधी कोड बघा. पी-०१७२ म्हणजे मिश्रण रिच. पी-०३०० म्हणजे इंजिन मिसिंग करतंय, पेट्रोल नीट पेट घेत नाही. पी-०४२० म्हणजे कन्व्हर्टरचं काम कमी झालंय, आणि इथेच बहुतेक गॅरेजवाले थांबतात. पी-०१७२ किंवा मिसिंगचा कोड सोबत असेल तर आधी ते दुरुस्त करा.

मग कूलंटचं (इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचं) तापमान. वीस मिनिटं चालवल्यावर ते ८५ ते ९५ अंशांच्या आसपास स्थिरावायला हवं. माझ्या गाडीत हायवेला ५८ दिसत होतं! आधीच्या उन्हाळ्यात गाडी गरम झाली म्हणून कुणीतरी थर्मोस्टॅट (इंजिनाचं तापमान राखणारा वॉल्व्ह) काढूनच टाकला होता. आपल्याकडे हा 'इलाज' सर्रास करतात. इंजिन कायम थंड, म्हणून इंजिनाचा संगणक त्याला सतत जास्त पेट्रोल देत राहिला. नवा थर्मोस्टॅट बसवल्यावर वास गेला आणि ॲव्हरेजही सुधारलं. तापमानाचा सेन्सर स्वतःच खोटं सांगत असेल तरी परिणाम हाच: इंजिन गरम असूनही स्क्रीनवर ४० अंश दिसतील.

आता फ्युएल ट्रिम. हा संगणकाने पेट्रोलमध्ये केलेला फेरफार. उणे-अधिक ५ टक्क्यांत असेल तर छान. लाँग टर्म ट्रिम (बऱ्याच काळाचा फेरफार) उणे १० किंवा त्याखाली म्हणजे संगणक पेट्रोल कापतोय, तरीही ते जास्त येतंय. आयडलला उणे आणि २५०० आरपीएमला सुधारत असेल तर पर्ज वॉल्व्हची नळी काही क्षण चिमटून पाहा. ट्रिम लगेच शून्याकडे सरकला तर तो वॉल्व्ह उघडा अडकलाय. सकाळी स्टार्टर लांबतो आणि ऑइलच्या डिपस्टिकला पेट्रोलचा वास येतो, तर इंजेक्टर गळतोय. मात्र थंड इंजिनाला संगणकाने स्वतः दिलेलं जास्तीचं पेट्रोल ट्रिममध्ये दिसत नाही, म्हणूनच तापमान आधी बघायचं.

ट्रिम उलट अधिककडे खूप गेला असेल तर पुढच्या ऑक्सिजन सेन्सरच्या (धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या) आधी पाइपला चीर आहे का ते पाहा. तिथून हवा आत ओढली जाते, सेन्सरला वाटतं पेट्रोल कमी पडतंय, आणि संगणक वाढवत बसतो. थंड इंजिन सुरू केल्यावर टिकटिक आवाज येत असेल तर शंका आणखी पक्की.

स्पार्क प्लग काढून बघणं जुनं पण भरवशाचं काम. टोकावर तांबूस-करडा रंग म्हणजे ठीक, कोरडी काळी काजळी म्हणजे रिच. एकाच प्लगवर काजळी असेल तर त्या सिलिंडरचा इंजेक्टर किंवा कॉइल (ठिणगीची वीज देणारा भाग). एअर फिल्टर बदला, पण सगळं त्यानेच सुटेल अशी अपेक्षा नको.

कन्व्हर्टर शेवटी

वरचं सगळं ठीक असेल, तरच कन्व्हर्टरकडे वळा. स्कॅनरवर मागच्या ऑक्सिजन सेन्सरची रेषा बऱ्यापैकी शांत हवी. पुढच्या सेन्सरसारखी ती ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये नाचत असेल तर जाळी निकामी आहे. गाडी पूर्ण गार असताना रबरी हातोडीने हलकं ठोका. आत खुळखुळ वाजलं तर जाळी फुटलीय. पिकअप गेलेला आणि वेग वाढतच नाही, तर ती वितळून तुंबली असेल. मिसिंग करणारी गाडी तशीच पळवल्यावर असं होतं. खालून कन्व्हर्टर लालसर दिसत असेल तर गाडी वाळल्या गवतावर उभी करू नका आणि टो करून न्या.

जाळी फोडून डबा रिकामा करून देतो, असं कुणी म्हणालं तर नकार द्या. वास जाईल, पण विषारी धूर तसाच बाहेर पडेल आणि गाडी पीयूसीत नापास होईल. बदलायचाच असेल तर आधी वॉरंटीची चौकशी करा, गाडीच्याच मॉडेलचा भाग घ्या आणि जुना परत मागा. त्यातल्या धातूंना भंगारातही चांगली किंमत असते.

दुरुस्तीनंतर कोड पुसा, अर्धा तास हायवेला चालवा आणि ट्रिम पुन्हा पाहा. पहिल्या काही दिवसांत चढावर एखादी झुळूक आली तर घाबरू नका. जाळीत आधीच साठलेलं गंधक निघून जायला थोडे दिवस लागतात. पंधरा दिवसांनीही तितकाच वास येत राहिला, तर पुन्हा ट्रिम आणि तापमानापासून सुरुवात करा.