निवारागृहातल्या मुलांना इंग्रजी शिकवताय? या चुका टाळा

पहिल्याच तासाला मी ‘माय फॅमिली’ हा धडा घेतला होता. निवारागृहातला वर्ग, मुलं चौदा ते अठरा वर्षांची. फळ्यावर आई, वडील, भाऊ, बहीण यांचे इंग्रजी शब्द लिहिले आणि म्हटलं, “आता प्रत्येकाने आपल्या घराबद्दल तीन वाक्यं सांगा.” एक मुलगी पाणी प्यायला म्हणून उठली ती तास संपेपर्यंत परत आलीच नाही. घर हा विषय तिच्यापुढे ठेवण्याआधी मी विचार करायला हवा होता. ती चूक सर्वस्वी माझी होती.

घर, आईवडील, वाढदिवस, सुट्टीत कुठे गेलात, ही इंग्रजीच्या बहुतेक पुस्तकांची सुरुवातीची पानं. युद्धातून, मारहाणीतून किंवा रस्त्यावरून आलेल्या मुलांना नेमकी हीच पानं सगळ्यात जड जातात. वाढदिवसाचंच घ्या. युनिसेफच्या २०१९ च्या आकडेवारीनुसार जगातल्या पाच वर्षांखालच्या दर चार मुलांमागे एकाच्या जन्माची नोंदच नव्हती. मोठं झाल्यावर अशांपैकी कुणी आपल्या वर्गात येऊन बसतं आणि आपण त्याला जन्मतारीख इंग्रजीत सांगायला लावतो. यावर मला सापडलेला उपाय असा: व्याकरण तेच ठेवायचं, माणूस बदलायचा. एक काल्पनिक माणूस घ्या. त्याचं नाव, वय, काम, घरातली माणसं सगळं मुलांनाच ठरवू द्या. ज्याला स्वतःबद्दल सांगायचं असतं तो पुढे कधीतरी आपणहून सांगतो. तेव्हा त्याचं इंग्रजी सुधारत बसू नका, आधी ऐकून घ्या.

दुसरी चूक म्हणजे सोळा वर्षांच्या मुलाच्या हातात बालवाडीचं पुस्तक देणं. तो दिवसभर काम करून कमावतो, धाकट्या भावंडांना सांभाळतो, आणि आपण त्याला सफरचंदाचं चित्र रंगवायला देतो. तो पुस्तक उघडत नाही आणि आपण ठरवून टाकतो की याला शिकायचंच नाही. त्याला शिकायचं असतं, फक्त लहान बाळ व्हायचं नसतं. ब्राझीलचे शिक्षणतज्ज्ञ पाउलो फ्रेरे यांनी १९६३ साली अंजिकोस गावात सुमारे ३०० प्रौढांना साधारण ४० तासांच्या शिकवणीत वाचायला शिकवलं, ते त्यांच्याच रोजच्या जगण्यातले शब्द घेऊन. इंग्रजीत ४० तासांची आशा धरू नका. पोर्तुगीज स्पेलिंग इंग्रजीपेक्षा खूपच सरळ आहे. पण शब्द कुठून घ्यायचे हे मात्र तिथून शिकण्यासारखं आहे.

मुलाला धडा घडाघडा म्हणता येतो, पण त्यातलाच एखादा शब्द वेगळा काढून दाखवला की तो गप्प होतो, असं होतंय का? मग त्याने धडा पाठ केलाय. बहुतेक वेळा याचं मूळ अक्षरांच्या नावांत असतं. इंग्रजीत अक्षरं २६, पण ध्वनी सुमारे ४४. ‘एच’ किंवा ‘डब्ल्यू’ हे नाव पाठ करून त्या अक्षराचा उच्चार कळत नाही. देवनागरीत ‘क’ला क म्हटलं की काम झालं, त्यामुळे आपल्यासारख्या शिक्षकांच्या हे लवकर लक्षात येत नाही. आधी ध्वनी शिकवा, नावं मागून येतील. तपासताना चित्र झाका आणि मुलाने कधीच न पाहिलेला तीन अक्षरांचा शब्द लिहून द्या.

याच्या उलटही घडतं. एखादी मुलगी फाडफाड इंग्रजी बोलते, म्हणून तिला वाचता येतच असेल असं आपण गृहीत धरतो. भाषातज्ज्ञ जिम कमिन्स यांनी दाखवलं की गप्पांपुरती नवी भाषा साधारण दोन वर्षांत येते, पण अभ्यासाची भाषा यायला पाच ते सात वर्षं लागू शकतात. “आज डोकं दुखतंय”, “तुम्हीच वाचा ना”, “मी नंतर भरते फॉर्म” ही वाक्यं वारंवार कानावर आली तर तिला सगळ्यांसमोर वाचायला उभं करू नका. दहा मिनिटं बाजूला बसून दोघींनी मिळून वाचा. नजर तपासून घ्या. अक्षरं अंधूक दिसणाऱ्या मुलांवर आळशी असल्याचा शिक्का फार लवकर बसतो.

व्यवहारातलं वाचन शेवटच्या महिन्यासाठी राखून ठेवू नका. औषधाच्या बाटलीवर ‘वन्स अ डे’ लिहिलेलं असतं. त्यातल्या ‘वन्स’चं जे स्पेलिंग, तेच स्पॅनिशमध्ये ‘अकरा’ या आकड्याचं. दिवसातून एकदा घ्यायची गोळी अकरा वेळा घेतली जाऊ शकते. तारखेचंही तसंच: ०४/०५ म्हणजे ब्रिटिश पद्धतीने ४ मे आणि अमेरिकन पद्धतीने ५ एप्रिल. मुदतीचा अर्ज यावरून हुकू शकतो. सर्वात जास्त वेळ मात्र मी नोकरीच्या करारावर देते. पगार किती, कामाचे तास किती, पगारातून कापणार काय, पासपोर्ट कुणाकडे राहणार, एवढ्या चार गोष्टी कागदावर बोट ठेवून शोधायच्या. त्या सापडल्याशिवाय सही करायची नाही, आणि “हा कागद मला घरी नेऊन वाचायचाय” हे वाक्य इंग्रजीत न अडखळता म्हणता येईपर्यंत घोकायचं. फसवणारी माणसं अशाच मुलांना शोधत असतात, म्हणून याबाबतीत मी हट्टी आहे. सरावाला कोऱ्या फॉर्मच्या प्रती वापरा. मुलांची खरी ओळखपत्रं, पिन किंवा पासवर्ड वर्गात आणायला लावू नका.

आणि गैरहजेरी. कामाची पाळी बदलते, मुक्काम हलतो, कोर्टाची तारीख येते. मागचा धडा आल्याशिवाय पुढचा कळणार नाही अशी मांडणी केली, तर दोन तास बुडालेलं मूल तिसऱ्यांदा येतच नाही. प्रत्येक तास स्वतःत पुरा ठेवा: एक कागद, एक काम, जाताना हातात काहीतरी जमलेलं. प्रत्येकाची वेगळी फाइल वर्गातच ठेवा. महिन्याने कुणी दारात दिसलं तर “इतके दिवस कुठे होतास?” असं विचारू नका. फाइल काढा, जिथे थांबला होता ते पान उघडा आणि शेजारी खुर्ची ओढा.