नाशकाहून इंग्लंडात आलेल्यांसाठी: घरातला गॅस, बॉयलर आणि न येणारा वास

आपल्याकडे सिलिंडर ओट्याखाली डोळ्यांसमोर असतो. वास आला की रेग्युलेटर बंद करायचा, खिडकी उघडायची, एजन्सीला फोन लावायचा. इथे गॅस रस्त्याखालच्या पाइपातून घरात येतो आणि स्वयंपाक, अंघोळीचं पाणी, घर तापवणारे रेडिएटर असं सगळं त्याच्यावर चालतं. पाणी आणि रेडिएटर तापवणारं यंत्र म्हणजे बॉयलर. मीटर कुठे बाहेरच्या पेटीत, कुठे जिन्याखालच्या कपाटात, तर जुन्या घरात तळघरात. म्हणून बॅगा सोडायच्या आधी मीटर शोधा. त्याच्याजवळ पाइपावर एक खटका असतो. खटका पाइपाच्या रेषेत असला की गॅस चालू, पाव फेरा फिरवून आडवा केला की बंद. बाहेरच्या पेटीला त्रिकोणी खाचेची किल्ली लागते. ती घरमालकाकडून पहिल्याच दिवशी मागून घ्या आणि दाराजवळ टांगून ठेवा.

सिलिंडरमधला गॅस हवेपेक्षा जड, तो जमिनीलगत साचतो. इथला गॅस मुख्यतः मिथेन. तो हलका असतो आणि वर चढतो. त्यामुळे दार उघडून भागत नाही, खिडक्यांच्या वरच्या झडपाही उघडाव्या लागतात. वास मात्र ओळखीचाच, सडक्या कोबीसारखा, कारण दोन्हीकडे तो मुद्दाम मिसळलेला असतो.

वास आला तर दिव्याच्या बटणाला हात लावू नका. चालू असेल तर चालू राहू द्या, बंद असेल तर बंद. ठिणगी दोन्ही वेळा पडू शकते. काडी, लायटर, देवघरातली निरांजन काही पेटवायचं नाही. खिडक्या उघडा, खटका आडवा करा, सगळ्यांना घेऊन बाहेर पडा. मीटर तळघरात असेल आणि तिथेच वास येत असेल तर खाली उतरू नका. शेजाऱ्यांची बेल दाबू नका, दार ठोठावा. मोबाइल बाहेर आल्यावरच वापरा आणि गॅसच्या आपत्कालीन नंबरला, ०८०० १११ ९९९ ला, फोन करा.

या फोनबद्दल आपली माणसं विनाकारण बिचकतात. घरमालक काय म्हणेल, एजंटला आधी विचारू, बिल येईल, वास थोडाच आहे, सोमवारी बघू. हा नंबर फुकट आहे, दिवसरात्र चालतो, घर तुमच्या नावावर असण्याची गरज नाही आणि घरमालकाची परवानगी लागत नाही. येणारा माणूस जागा सुरक्षित करण्याचे पैसे घेत नाही. तो पाइपात ठरावीक दाब भरून गेज लावतो आणि दाब उतरतो का ते बघतो. गळती सापडली तर गॅस तोडून जातो. बॉयलर दुरुस्त करणं त्याचं काम नाही. भाड्याच्या घरात तो खर्च घरमालकाचा.

दर वास गळतीचा नसतो. ऑक्टोबरात पहिल्यांदा हीटिंग लावलं की रेडिएटरवरची धूळ जळल्याचा वास येतो आणि थोड्या वेळात जातो. न वापरलेल्या बेसिनखालच्या वाकड्या नळीतलं पाणी सुकलं की गटाराचा वास वर येतो. तांब्याभर पाणी ओतलं की थांबतो. बॉयलरच्या गेजवरचा दाब १ बारच्या खाली उतरला तर आतलं पाणी कमी झालंय, त्याचा गॅसगळतीशी संबंध नाही. पण मनात शंका असेल तर फोनच करा.

दुरुस्तीबाबत आमच्या मराठी ग्रुपांवर एक सल्ला कायम फिरतो: ओळखीचा माणूस आहे, निम्म्या पैशात करून देतो. त्याला बॉयलरला हात लावू देऊ नका. गॅसचं काम इथे फक्त ‘गॅस सेफ रजिस्टर’ या गॅस कारागिरांच्या अधिकृत यादीत नाव असलेल्यानेच करायचं, तसा कायदा आहे. त्याच्याकडे फोटोचं कार्ड असतं, पुढे मुदत आणि मागे त्याला कोणकोणती कामं करता येतात ते लिहिलेलं. कार्ड उलटून बघा. शेगडी जोडणाऱ्याला बॉयलरचं काम येतंच असं नाही. घरमालकाने दर वर्षी गॅसची तपासणी करून घ्यायची असते आणि नव्या भाडेकरूला राहायला येण्याआधी तिची प्रत द्यायची असते. ती हातात आल्याशिवाय किल्ली घेऊ नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं. वास नाही म्हणजे धोका नाही, ही समजूत जीव घेते. बंद बाथरूममध्ये गॅस गिझर चालू ठेवून माणसं दगावल्याच्या बातम्या नाशकात आपण हिवाळ्यात वाचलेल्या आहेत. तिथे बहुतेकदा गळती नसते. गॅस पेटलेलाच असतो, पण पुरेशी हवा न मिळाल्याने अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना वास, ना रंग. इथला बॉयलर, भिंतीतली गॅसची शेकोटी, जुना हीटर, सगळ्यांचं तेच.

निफाडच्या थंडीला आपण कौतुकाने मिरवतो, पण इथली थंडी महिनोन्‌महिने हलत नाही. मग लोक काय करतात, तर भिंतीतल्या जाळीतून गार वारा येतो म्हणून तिच्यावर टेप लावतात, कापड कोंबतात. ही जाळी शेकोटीला आणि जुन्या बॉयलरला हवा मिळावी म्हणून ठेवलेली असते. नव्या बंदिस्त बॉयलरला खोलीतली हवा लागत नाही, हे खरं. पण तुमच्या घरात कोणती जाळी कशासाठी आहे हे तुम्हाला ओळखता येणार नाही, तेव्हा एकही बुजवू नका. बॉयलरचं बाहेरचं धुराडंही सामान टेकवून झाकू नका. त्यातून थंडीत पांढरी वाफ येते, ती यायचीच.

निळी असायला हवी ती ज्योत पिवळी, लवलवती दिसू लागली, उपकरणाभोवती काजळी धरली, काचांवर नेहमीपेक्षा जास्त दव जमलं, तर ते वापरणं बंद करा. या वायूचा त्रास असा: डोकं दुखणं, चक्कर, मळमळ, थकवा, आणि ताप मात्र नाही. बाहेर गेलं की बरं वाटतं, घरात आलं की पुन्हा तेच. नवीन आलेली मंडळी याला प्रवासाचा शीण किंवा हवापालट म्हणून सोडून देतात. घरातल्या सगळ्यांना एकदमच होत असेल तर अजिबात सोडू नका.

वीसेक पौंडांत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म मिळतो. त्यावर ईएन ५०२९१ छापलेलं बघून घ्या. छताला लावला तर भिंतीपासून किमान ३० सेंटीमीटर आत, भिंतीला लावला तर दार-खिडक्यांच्या वर पण छताच्या किमान १५ सेंटीमीटर खाली, आणि बॉयलरपासून १ ते ३ मीटरवर. कपाटात, पडद्यामागे, शेगडीच्या डोक्यावर नको. महिन्यातून एकदा बटण दाबून बघा, पाठीवरची मुदत वाचा. हवेच्या दहा लाख भागांत या वायूचे ३०० भाग असले तर तो तीन मिनिटांत वाजतो, ५० भागांना मात्र तासभर किंवा जास्त लागतो. म्हणजे तो वाजला तेव्हा वायू घरात बराच वेळ असू शकतो, म्हणून बॅटरी काढायची नाही. गॅसची उपकरणं बंद, खिडक्या उघड्या, सगळे बाहेर, आणि तोच नंबर. त्रास होत असेल तर ९९९ वर फोन करून रुग्णवाहिका बोलवा. डॉक्टरांना कार्बन मोनॉक्साइडची शंका आहे असं स्पष्ट सांगा, म्हणजे ते रक्त तपासतील. फोडणीने किंचाळतो तो धुराचा अलार्म, तो वेगळा. त्यालाही गप्प करू नका.

खाली हॉटेल असेल तर तुमच्या घरात सगळं विजेवर असूनही अलार्म लावा. तंदूरच्या कोळशाचा वायू मजल्यातून वर येऊ शकतो. घरात कोळशाची शेगडी पेटवायची नाही, हे वेगळं सांगायला नको.

आई-बाबा सहा महिने राहायला आले की दिवसभर घरात तेच असतात. त्यांना खटका हाताने फिरवायला लावा. फ्रिजवर देवनागरीत चिकटवा: ०८०० १११ ९९९, ‘आय कॅन स्मेल गॅस’, घराचा पत्ता आणि पोस्टकोड एकेक अक्षर सुटं लिहून. इंग्रजी फोनवर जमत नसेल तर कोणत्या शेजाऱ्याचं दार ठोठवायचं ते आधी त्या शेजाऱ्यालाही सांगून ठेवा.